जुनी कॉन्सर्ट क्लासिकल गिटार घ्यायची आहे, बघायला जाताना काय तपासावं? (जळगाव/भुसावळ)

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

मुलगी अकरावीत आहे. लहानपणी तिला इथल्याच क्लासला घातलं होतं, पण तिथे सगळा भर कॉर्ड धरून गाण्याला साथ देण्यावर. नोटेशन वाचून, पिक न वापरता बोटांनी वाजवायची क्लासिकल पद्धत ती आता पुण्याच्या सरांकडून ऑनलाइन शिकते. ट्रिनिटीच्या (लंडनच्या संगीत परीक्षा) सहाव्या ग्रेडपर्यंत पोचली, सातवीची तयारी चालू आहे. हातात अजून यामाहा सी४० आहे. सर म्हणतात, तिच्या बोटांत आलंय ते आता या गिटारीतून बाहेर पडत नाही. वरची फळी प्लायची आहे, हळू वाजवलं काय नि जोरात वाजवलं काय, रंग एकच.

दोन गिटारी समोर आहेत.

एक भुसावळला, एका निवृत्त रेल्वे कुटुंबाकडे. आत स्पेनमधल्या वर्कशॉपचं लेबल, त्यावर सही आणि वर्ष १९८४. वरची फळी सीडरची, पाठ नि बाजू गडद शिसवीसारख्या. घरातल्या कुणीतरी परदेशातून आणली होती. बनवणाऱ्याचं नाव इथे देत नाही, बोलणी चालू आहेत. १ लाख ४० हजार सांगतायत.

दुसरी नाशिकला. यामाहा सीजी१९२, वरची फळी स्प्रूसची, मोजकी वापरलेली, ३८ हजार.

मला तबला कळतो, गिटार नाही. जुनी गिटार हातात घेतल्यावर काय बघायचं, कुठे थांबायचं, कुठे घासाघीस करायची ते सांगा. श्रावणात कानबाईचे रोट झाले की भुसावळला जाणार आहे.

मुकाट

फोटो टाका. ब्रिजचा (फळीवर तारा अडकवतात ती पट्टी) बाजूने काढलेला फोटो आधी.

सहा_तारा

तापीकाठ, मूळ अमळनेरचा, आता पुण्यात क्लासिकल गिटार शिकवतो. सविस्तर लिहितो.

सोबत न्या: स्टीलची लहान पट्टी (अर्ध्या मिलीमीटरच्या खुणांची), छोटा टॉर्च, साउंडहोलमधून (फळीतल्या गोल भोकातून) आत जाईल असा आरसा, साध्या कागदाची चिठ्ठी, मोबाइलवर ट्यूनर. आणि मुलगी. तिच्याशिवाय जाऊ नका.

आधी वाजवू नका, आधी बघा. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून खालच्या बाजूने नेककडे (दांड्याकडे) नजर टाका. वरची फळी किंचित फुगीर असणं ठीक. ब्रिजच्या मागे मोठा फुगवटा आणि ब्रिज ते साउंडहोल या भागात खळगा दिसला, तर तारांच्या ओढीने फळी पिळली गेली आहे. मग चिठ्ठी ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. चिठ्ठी आत गेली म्हणजे ब्रिज सुटायला लागलाय. तेवढ्यावरून गिटार नाकारू नका, ब्रिज पुन्हा चिकटवता येतो. पण ते किमतीतून वजा झालं पाहिजे.

नंतर तारेची उंची. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) तिच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. पहिल्या तारेला ३ मिमीच्या आसपास, सहाव्या तारेला ४ मिमीच्या आसपास. यापेक्षा बरीच जास्त असेल तर लगेच सॅडल बघा. हाडाची ती पांढरी पट्टी ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे? सगळी गोम इथे आहे. बाराव्या फ्रेटवरची उंची १ मिमीने कमी करायला सॅडल २ मिमीने घासावं लागतं. सॅडल आधीच तळाला टेकलं असेल आणि तरी तारा उंच असतील, तर नेकचा कोन गेलाय. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारीत नेक काढून पुन्हा बसवतात. स्पॅनिश पद्धतीच्या क्लासिकल गिटारीत नेकची टाच आणि आतला ठोकळा एकच असतो, बाजू त्यात खाचेत अडकवलेल्या असतात, म्हणून तो नेक सहज निघत नाही. मग फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली फळी) रंधून फ्रेट नव्याने बसवणं हा मार्ग उरतो, आणि त्याला चांगला हात लागतो.

बाकी रात्री.

केळीबाग

मी वेगळं बोलतो. १ लाख ४० हजारात नवीन, पूर्ण सॉलिड लाकडाची, वॉरंटीवाली गिटार येते. चाळीस वर्षं जुन्या लाकडाला कोण जामीन राहणार? रावेरला आम्ही जुना ट्रॅक्टर घेताना मेकॅनिक सोबत नेतो. गिटारीचा मेकॅनिक खानदेशात आहे कुठे? काही बिघडलं तर मुंबई-पुणे वारी. मुलीची परीक्षा तोंडावर असताना वाद्य दुरुस्तीला, हे परवडतं का?

सहा_तारा

केळीबाग, दुरुस्तीचा मुद्दा रास्त आहे. पण त्या पैशात दुकानातली नवीन गिटार मिळते ती कारखान्याची. जुन्यात त्याच पैशात एका माणसाने हाताने बनवलेली मिळण्याची शक्यता असते. ती शक्यता खरी की खोटी, ते तपासायचंच हे सगळं.

तापीकाठ, आता आवाजाचं.

प्रत्येक तारेवर मोकळ्या तारेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सावकाश वाजवायला सांगा. कुठे खरखर येते, कुठे सूर एकदम आखूड पडतो, ते ऐका. तिसऱ्या तारेवर आणि जी, जी शार्प, ए या सुरांच्या आसपास विशेष लक्ष द्या. पोकळीतल्या हवेचा आणि वरच्या फळीचा स्वतःचा कंप बहुतेक क्लासिकल गिटारींत साधारण याच सुरांच्या आसपास असतो, म्हणून तिथला एखादा सूर भसकन फुगतो आणि लगेच मरतो. थोडं प्रत्येक गिटारीत असतं. तिच्या तुकड्यांत सारखा येणारा सूरच मरत असेल तर मात्र सोडा.

पहिल्या तारेवर सातव्या ते बाराव्या फ्रेटमधले सूर किती वेळ टिकतात? स्वस्त गिटारी इथे उघड्या पडतात.

मग तुम्ही वीस-पंचवीस फूट लांब जा आणि तिला वाजवू द्या. वाजवणाऱ्याच्या कानाजवळ मोठी वाटणारी गिटार लांबवर पोचेलच असं नाही. कॉन्सर्ट गिटार म्हणजे मागच्या रांगेत हळू वाजवलेलंही स्वच्छ ऐकू येणारी. तुम्ही तबल्याचे आहात, तुमचा कान यात तिच्या सरांपेक्षाही उपयोगी पडेल.

आणि एक: पट्टी नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत लावा आणि दुप्पट करा. ६५० मिमी आली तर प्रमाणित. ६६४ आली तर इथे परत या, बोलू.

जंक्शन_भुसावळ

तापीकाठ भाऊ, मी भुसावळचाच. जन्म रेल्वे कॉलनीतला. त्या काळी कॉलनीत गिटार, पियानो, व्हायोलिन असलेली घरं होती, चर्चच्या वाद्यवृंदाची तालीम आम्ही कंपाउंडवर बसून ऐकायचो. त्यामुळे अशी गिटार इथे निघावी याचं मला नवल नाही.

पण वरच्या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट राहिली. तुम्ही श्रावणात बघायला जाताय.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक. लाकूड पाणी सोडतं, आकसतं. वरची फळी बसते, तारा खाली येतात, फ्रेटची टोकं नेकच्या कडेने बाहेर येऊन बोटांना टोचतात, आणि फळीला रेघ गेली असेल तर ती उघडते. पावसाळ्यात उलट. फळी पाणी पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात आणि उन्हाळ्यात उघडलेली रेघ मिटते. तुम्ही आज बघाल ती गिटार सुजलेली आहे. भेग असली तरी दिसणार नाही, आणि ॲक्शन (तारांची उंची) आहे त्यापेक्षा वाईट दिसेल.

म्हणून पहिला प्रश्न गिटारीबद्दल नाही, घराबद्दल विचारा. उन्हाळ्यात ती कुठे होती? केसमध्ये की भिंतीवर? पत्र्याखालच्या खोलीत की खालच्या मजल्यावर? कूलर कुठे होता? पाण्याच्या कूलरसमोर ठेवलेलं वाद्य दिवसा ओल्या हवेत आणि लाइट गेली की कोरड्या भट्टीत. रोजचा हा हेलकावा एकदाच्या कोरडेपणापेक्षा जास्त मारतो. चाळीस उन्हाळे काढलेत त्या गिटारीने. कसे काढले ते कळलं की अर्धी परीक्षा झाली.

नंदुरबारी

जंक्शनभाऊ एकदम बरोबर. दखीसन ले भाऊ, घाई करू नको.

शिसवी

जंक्शनदादांना दुजोरा. मी नाशिकला लाकडी वाद्यांची दुरुस्ती करते, जास्त करून व्हायोलिन, कधी गिटार. भेग पावसाळ्यात मिटली तरी तिची खूण राहते. टॉर्च साउंडहोलमधून आत सोडा, खोलीत अंधार करा आणि बाहेरून फळी बघा. बारीक भेगेतून उजेडाची रेघ दिसते. पूर्ण मिटली असेल तर नाही दिसणार, मग बोटाची नखं हलकेच आडवी फिरवा, पॉलिशमधली कड लागते.

दोन जागा आधी बघा. एक, फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना लागून, साउंडहोलपर्यंतचा भाग. फिंगरबोर्ड बहुधा एबनीचा, तो वेगळ्या प्रमाणात आकसतो आणि मऊ सीडरला फाडतो. दुसरी, फळीच्या मधला जोड, ब्रिजच्या खाली. आरशाने आतून बघा: भेगेवर आडवे छोटे लाकडी तुकडे चिकटवलेले दिसले तर आधी दुरुस्ती झाली आहे. नीट केलेली जुनी दुरुस्ती ही काळजीची गोष्ट नाही. उलट मालकाने वाद्य जपल्याची खूण आहे. आत पांढऱ्या गोंदाचे ओघळ वाळलेले दिसले, तर सुताराकडून करून घेतलंय, तिथे सावध व्हा.

बोटाच्या पेराने फळीवर ठिकठिकाणी हलकेच वाजवा, मडकं घेताना वाजवतो तसं. आतल्या पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांपैकी एखादी सुटली असेल तर तिथे फटफट आवाज येतो.

धुळेकर_बेस

स्टीलच्या तारांचं कुणी बोललं नाही अजून! आमच्या भागात क्लासिकल गिटार घरात आली की कुणीतरी हमखास स्टीलच्या तारा चढवतो, कारण गावातल्या दुकानात त्याच मिळतात. नायलॉनच्या संचाची ओढ सगळी मिळून साधारण ४० किलो. स्टीलचा हलका संचसुद्धा ७० किलोच्या घरात. आतल्या पट्ट्या त्यासाठी बनवलेल्याच नसतात. आणि अनेक क्लासिकल गिटारींच्या नेकमध्ये लोखंडी सळई नसते, त्यामुळे वाकलेला नेक पाना फिरवून सरळ होत नाही.

ओळखायचं कसं? नटच्या खाचा बघा. नायलॉनच्या पहिल्या तीन तारा जाड, खाच रुंद आणि गोल हवी. अरुंद चिरेसारखी खाच म्हणजे स्टील. खुंट्यांच्या पांढऱ्या रुळांवर तारेने कापल्यासारखे चरे. सॅडलवर खोल खाचा. हे दिसलं तर मालक काहीही म्हणो, मी पैसे देणार नाही.

पावशा

थेट विचारलं तर कुणीच 'हो, स्टीलच्या लावल्या होत्या' म्हणत नाही. 'कोणत्या कंपनीच्या तारा लावता?' असं विचारा, उत्तरातून कळतं.

मुकाट

पावशा +१

कवठ

एक शंका. शिसवीची म्हणताय तर कायद्याचं काय? मध्यंतरी शिसवीच्या गिटारी परदेशी नेता येत नाहीत असं वाचलं होतं.

शिसवी

कवठ, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलची शिसवी १९९२ पासून साइट्स (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या) कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेरचा व्यापार जवळजवळ बंद. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीचा सगळा वंश दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि गिटारवाल्यांची पळापळ झाली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला ती सूट नाही. हा करार सीमा ओलांडणाऱ्या मालासाठी आहे. भुसावळची गिटार जळगावला नेताना तो आड येत नाही. पण पुढे मुलगी शिकायला परदेशी गेली आणि गिटार ब्राझिलियन निघाली, तर कागद लागतील.

१९८४ पर्यंत स्पेनमधले बरेच कारागीर भारतीय शिसवी वापरायला लागले होते, तेव्हा बहुतेक ती आपलीच असेल. सह्याद्रीतल्या झाडाची फळी स्पेनला गेली, गिटार होऊन परत आली, आणि आता भुसावळला कपाटात आहे. मला हे फार आवडलं.

केळीबाग

यावल-सातपुड्याकडे सागवान नि अंजन भरपूर. त्याची गिटार का करत नाही कुणी?

शिसवी

अंजन फार जड आणि कठीण, वरच्या फळीला चालणारच नाही. वरच्या फळीला हलकं आणि ताठ लाकूड हवं, म्हणून स्प्रूस किंवा सीडर. पाठीला प्रयोग करता येईल. कुणी फळ्या पाठवल्या तर मी करून बघेन, खरंच.

जंक्शन_भुसावळ

धागा जंगलात चाललाय. 🙂 तापीकाठ, गेलात का?

तापीकाठ

जाऊन आलो. मुलगी, मी, टॉर्च, आरसा, चिठ्ठी, पट्टी सगळं नेलं. घरच्या आजींनी आधी जेवायला बसवलं, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. नंतर गिटार काढली. वाद्य घरातल्या माणसाचं होतं, ते गेल्यापासून कुणी वाजवत नाही. आजींची इच्छा एवढीच, की वाजवणाऱ्याच्या घरी जावी. त्यामुळे उलटसुलट प्रश्न विचारताना जीवावर आलं, पण विचारले. त्यांनी मोकळेपणाने उत्तरं दिली.

उन्हाळ्यात केसमध्ये, खालच्या मजल्यावर, लाकडी कपाटात. कूलर दुसऱ्या खोलीत. तारा कोणत्या हे आजींना माहीत नाही, पण केसच्या खणात नायलॉनच्या संचांची जुनी रिकामी पाकिटं सापडली. नटच्या खाचा रुंद, रूळ स्वच्छ.

मापं: बाराव्या फ्रेटवर पहिली तार ३.७, सहावी ४.८. सॅडल ब्रिजच्या वर पहिल्या तारेकडे जेमतेम १ मिमी, सहाव्या तारेकडे दीड. चिठ्ठी ब्रिजच्या एका कोपऱ्यात नखाएवढी आत जाते. ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा. अंधारात भेग दिसली नाही. फिंगरबोर्डच्या कडेला नखाला काहीतरी लागतं, पण मला खात्री नाही. आत जुनी दुरुस्ती नाही.

लांबी ६६४.

आवाजाबद्दल काय सांगू. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होतो, तिने अगदी हळू एक सूर लावला आणि तो माझ्याशेजारी लागल्यासारखा आला. आजी रडल्या. मुलगी गाडीत गप्प होती.

सहा_तारा

६६४ ची भीती होतीच.

थोडा इतिहास, कारण त्याचा हिशोबाशी संबंध आहे. आजच्या गिटारीचा आकार आणि ६५० ची लांबी एकोणिसाव्या शतकात आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोर्रेसने घडवली. पुढे सभागृहं मोठी झाली, आवाज लांब पोचवायचा म्हणून माद्रिदच्या होसे रामिरेस तिसऱ्याने १९६० च्या दशकात सीडरची फळी आणि ६६४ लांबी आणली. नामांकित वादक सेगोव्हियाने त्याच्या गिटारी वाजवल्या आणि बरीच वर्षं स्पेनमध्ये लांब गिटारींची चलती राहिली. नंतरचे वादक पुन्हा ६५० कडे वळले. म्हणून ६६४ च्या जुन्या गिटारी बाजारात तुलनेने स्वस्त मिळतात. १ लाख ४० हजार ही ६५० ची किंमत आहे, ६६४ ची नाही.

कवठ

१४ मिलीमीटरने काय होतं? पूर्ण नेकभर विभागले तर एका फ्रेटला काहीच नाही.

सहा_तारा

नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत ६५० ला १३४ मिमी, ६६४ ला १३७. तीन मिमी ऐकायला काहीच नाही. पण पहिल्या फ्रेटवर बार धरून (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) करंगळी चौथ्यावर ताणायची आणि तशीच तीन ओळी धरून ठेवायची, तेव्हा ते मनगटात कळतं. शिवाय त्याच सुराला लांब तार जास्त ताणावी लागते, म्हणजे बोटाला जोरही जास्त. सातवी-आठवी ग्रेड करणाऱ्या, अजून वाढत्या हाताच्या मुलीने रोज दोन-तीन तास हे करावं असं मी माझ्या विद्यार्थिनीला सांगणार नाही. मोठा हात असेल तर प्रश्नच नाही. तिच्या हाताची वीत मोजा.

धुळेकर_बेस

मला हे पटत नाही. एवढ्याशा हाताच्या बायका ६६४ वाजवत आल्यात. तंत्र बरोबर असेल तर हात शिकतो. आवाज असा लांबून शेजारी येणारी गिटार पुन्हा भुसावळला निघणार आहे का? तापीकाठ, १ लाखाला मागा आणि उचला.

शिसवी

दोघेही थांबा, आधी लाकडाचं बोलू. सहाव्या तारेकडे सॅडल दीड मिमी उरलंय आणि ती तार ४.८ आहे. ती ४ वर आणायला सॅडल १.६ मिमी खाली जायला हवं. जागाच नाही. पण जंक्शनदादा म्हणाले तसं गिटार आत्ता फुगलेली आहे. सुकल्यावर ॲक्शन अर्धा मिमीभर खाली येऊ शकते. तेवढी आली तर गणित सुटतं, नाही आली तर फिंगरबोर्डचं मोठं काम.

म्हणून आजींना विनंती करा. थोडी अनामत द्या, गिटार तिच्या केसमध्ये हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) आणि आर्द्रता धरून ठेवणारी पाकिटं टाकून बंद ठेवा. आत ४५ ते ५० टक्के दाखवलं पाहिजे. दोन-तीन आठवडे. घाईने सुकवू नका, सिलिका जेलची पोती भरू नका, नाहीतर भेग आपणच पाडू. मग परत मोजा.

जंक्शन_भुसावळ

हे उत्तम. हायग्रोमीटर माझ्याकडे आहे, आजींच्या घरी नेऊन देतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

केळीबाग

जंक्शनभाऊ, रावेरला या, केळीचा घड तुमचा.

तापीकाठ

जंक्शनभाऊंनी हायग्रोमीटर नेऊन दिला, आजींनी अनामत घ्यायला नकार दिला. पोळ्यानंतर पुन्हा मोजणार. मधल्या काळात नाशिकची सीजी१९२ बघून येतो. शिसवीताई सोबत येते म्हणाल्या, फार आभार.

पावशा

सीजी१९२ मध्ये पाठ-बाजू प्लायच्या असतात, वरची फळी सॉलिड. ते लक्षात घेऊन ३८ जास्त वाटतात. ३२ ला मागा.

शिसवी

आज नाशिकची पाहिली. फळी सरळ, ॲक्शन ३ आणि ४.१, सॅडल भरपूर उरलंय, बाराव्या फ्रेटवर तार दाबून आणि नुसती स्पर्शून (हार्मोनिक) येणारे सूर ट्यूनरवर जुळतात. पहिल्या तीन फ्रेटवर तारांचे खळगे पडलेत, पण फ्रेट घासून काम होईल. पाठ-बाजू प्लायच्या असण्याचा एक फायदा खानदेशात आहे: त्या तडकत नाहीत. काळजी फक्त वरच्या फळीची. व्यवहार ३३ ला ठरला, पण तापीकाठांनी भुसावळच्या मापापर्यंत मुदत मागून घेतली.

तापीकाठ

पोळा झाला. भुसावळची मापं आली.

केसमध्ये ४८ टक्के. सहावी तार ४.८ वरून ४.४. पहिली ३.७ वरून ३.४. आणि फिंगरबोर्डच्या उजव्या कडेला रोझेटपर्यंत (साउंडहोलभोवतीची नक्षी) केसासारखी भेग आता टॉर्चने स्पष्ट दिसते. नखाला लागलं ते तेच होतं.

त्या दिवशी मुलीला दोन्ही गिटारी एकापाठोपाठ वाजवायला दिल्या. शिसवीताईंनी नाशिकची भुसावळला आणली होती, जंक्शनभाऊ पण आले. सहा_तारा यांनी सांगितलेला कठीण बारचा तुकडा तिने दोन्हीवर वाजवला. स्पॅनिशवर आवाज कितीतरी मोठा आणि गोड, पण तिसऱ्या वेळी हात सुटला. नाशिकच्या गिटारीवर आवाज साधा, हात सुटला नाही. तिनेच सांगितलं, "बाबा, ही माझ्या हाताला मोठी आहे. मला या गिटारीशी भांडायचं नाही."

आजींना खरं सांगितलं, भेगेचं आणि सॅडलचंही. त्या म्हणाल्या १ लाखाला घ्या. तरीही मी नाही म्हणालो. नाशिकची घेतली. उरलेले पैसे बाजूला ठेवले आहेत, ग्रेड संपल्या की ६५० ची हाताने बनवलेली बघू.

धुळेकर_बेस

हातची घालवलीत तापीकाठ. १ लाखात तसा आवाज आणि भेगेची दुरुस्ती काही फार नाही. माझं मत बदललं नाही.

सहा_तारा

माझं मत उलट आहे. सतरा वर्षांच्या हाताचं दुखणं एकदा बसलं की वर्ष जातं. बरोबर केलंत. आता पावसाळा संपेपर्यंत सीजी१९२ रोज केसमध्ये, आणि मार्चपासून केसमध्ये ओलसर ठेवणारं साधन. गाडीच्या डिकीत कधीच ठेवायची नाही, आपल्या उन्हात बंद गाडीत गोंद मऊ पडतो.

मुकाट

फोटो राहिलेच.

कवठ

धागा वाचतोय पहिल्यापासून. मी धुळ्याला असतो, वयाने मोठा, हातही मोठा, क्लासिकल बऱ्याच वर्षांनी पुन्हा सुरू केलंय. ती भुसावळची अजून आहे का?

तापीकाठ

आहे. आजींना तुमच्याबद्दल कळवतो, व्यनि बघा. भेगेचे आणि सॅडलचे फोटो पण पाठवतो, शिसवीताईंनी दुरुस्तीचा अंदाज १५ हजारांच्या आसपास सांगितलाय. जाताना आधी फोन करा, आजी दुपारी झोपतात.